काखेंत कळसा

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या आनंदाच्या वर्षीं स्मरणिकेच्या चालकांनीं आम्हांस विनंती केली कीं, इतिहासाविषयीं चार शब्द लिहावे. देवळाचा पाया केव्हां घातला गेला, घंटा कोणाच्या देणगींतून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हा वृत्तान्त या पुस्तिकेंत इतरत्र आलेलाच आहे. आम्ही मात्र वाचकांस हातीं धरून देवळाच्या आवाराबाहेर नेणार आहों. फार दूर नव्हे. चार-पांच कोसांच्या टापूंतच फिरून संध्याकाळच्या प्रार्थनेस परत यावयाचें आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस रोमच्या यात्रेचा लाभ झाला. परत आल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांना आम्हीं तेथील भुयारी दफनभूमींचें वर्णन मोठ्या उत्साहानें ऐकविलें. रक्तसाक्षींच्या थडग्यांपाशीं आरंभींचे ख्रिस्ती लोक कसे जमत, तें सांगतांना आमचा स्वरहि जड झाला. तेव्हां दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "फादर, आपल्याकडे असें कांहींच नाहीं का?" आम्हीं सहज उत्तर दिलें, "नाहीं रे बाळा, आपला गांव तो केवढा!" वर्ग सुटल्यावर, नातवाला नेण्यास आलेली एक वृद्ध बाई दाराशीं थांबली होती, ती हळूच म्हणाली, "फादर, तुम्ही बुरूड राजाच्या कोटावर कधीं गेलां नाहीं काय? आमचे आजोबा आम्हांला नेत असत."

आम्ही गेलों नव्हतों. त्या वाटेनें शेकडों वेळां आमचें जाणें-येणें झालें होतें. परंतु थांबून पाहिलें नव्हतें. सेमिनरींत असतां रोमच्या सम्राटांची नांवें आम्हीं क्रमवार पाठ केलीं होतीं. आणि आपल्या जन्मगांवापासून दोन कोसांवर काय आहे, हें एका निरक्षर म्हातारीनें आम्हांस सांगावें लागलें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण आम्हीं व्याकरणाच्या पुस्तकांत वाचली होती. तिचा अर्थ त्या दिवशीं समजला.

बुरूड राजाचा कोट

नालासोपाऱ्यास एक टेकाड आहे. त्यास लोक पिढ्यान् पिढ्या बुरूड राजाचा कोट म्हणत आले. टोपल्या विणणाऱ्यांचा कोणी राजा येथें राहत होता, असें ते सांगत. शिकलेल्या माणसांनीं ही गोष्ट हंसण्यावारी नेली असती. परंतु पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तशी ती नेली नाहीं. सन १८८२ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं हें टेकाड खणविलें. मध्यभागीं विटांची एक कोठडी लागली व तींत दगडी करंडा निघाला. त्या करंड्यांत तांब्याचा करंडा असून त्याच्या भोंवतीं बुद्धाच्या ब्रॉंझच्या आठ मूर्ति बसविलेल्या होत्या. तांब्याच्या आंत रुप्याचा, त्याच्या आंत दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आंत सोन्याचा, अशा एकांत एक डब्या निघाल्या. सोन्याच्या डबींत मातीच्या एका भांड्याचे लहान लहान तुकडे व सोन्याचीं फुलें होतीं. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून भाविकांनीं ते जपून ठेविले असावे, असें पंडितांचें मत पडलें. जवळच यज्ञश्री शातकर्णि या सातवाहन राजाचें रुप्याचें नाणें मिळालें. हा राजा ख्रिस्तानंतरच्या दुसऱ्या शतकांतील. मूर्ति मात्र मागाहूनच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. म्हणजे शेंकडों वर्षांनंतरहि कोणी भाविकांनीं तो ठेवा उघडून, पुनः वंदन करून, मिटविला होता. हे अवशेष आज मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत. टेकाड जागच्या जागीं आहे.

सोपारें तेव्हां मोठें बंदर होतें. महाभारतांत त्यास शूर्पारक म्हटलें असून परशुरामाशीं त्याचा संबंध जोडला आहे. ग्रीक नावाड्यांच्या व टॉलेमीच्या लेखांत तें येतें, अरब प्रवाशांच्या लेखांतहि येतें. शलमोन राजाचीं गलबतें ज्या ओफीराहून सोनें व मोलाचें लांकूड नेत, तें हेंच सोपारें असावें, असाहि कांहीं पंडितांचा तर्क आहे. परंतु तो तर्कच आहे आणि तो तेवढाच मानावा. बौद्धांच्या ग्रंथांत येथील पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो बुद्धाचा शिष्य झाला व त्यानें येथें चंदनाचा विहार बांधविला, असें तींत सांगितलें आहे.

आतां बुरूड राजाकडे पुनः वळूं. शूर्प म्हणजे सूप. सुपें विणणारा तो बुरूड. शूर्पारक या जुन्या नांवाचा अर्थ लोकांच्या जिभेवर राहिला, शहर मात्र विसरलें गेलें. आणि त्या अर्थांतून सुपें विणणाऱ्या राजाची गोष्ट उभी राहिली असेल काय? हा आमचा केवळ तर्क आहे. वाचकांनीं तो वेदवाक्य मानूं नये. परंतु एवढें निश्चित कीं, त्या गोष्टीमुळें लोकांनीं हें टेकाड सामान्य मातीचा ढीग मानिलें नाहीं. दंतकथेनें इतिहास सांगितला नाहीं. पण त्याच्या दाराशीं ती राखण करीत बसली.

भुईगांवचा दगड

त्याच १८८२ सालीं पंडित भगवानलाल यांस सोपाऱ्यास एका काळ्या दगडाचा तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपींत अशोक राजाच्या आठव्या शासनाचा अंश होता. हा राजा ख्रिस्तजन्मापूर्वींच्या तिसऱ्या शतकांतील. पुढें १९५६ सालीं नवव्या शासनाचा तुकडा सांपडला, तो कोठें? आपल्या भुईगांवांत! ज्या गांवीं आपले सोयरे-धायरे आहेत, जेथें आपण लग्न-बारशास जातों, त्या गांवांत बावीस शतकांमागचा हा लेख पडून होता. आज हे शिलालेख मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. आम्ही त्या संग्रहालयांत गेलों, तेव्हां शेजारीं उभ्या असलेल्या एका परदेशी गृहस्थांनीं सोपारें कोठें आहे म्हणून विचारलें. त्यांस उत्तर देतांना आम्हांस किती अभिमान वाटला, व तो अभिमान किती उशिरा वाटला याची किती लाज वाटली, हें आम्हीच जाणतों.

या दोन शासनांचा आशय आपल्या विषयास फार जुळणारा आहे. आठव्यांत राजा म्हणतो त्याचा भावार्थ असा: पूर्वींचे राजे शिकारीच्या व मौजेच्या सफरी करीत; आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेंत काय करावयाचें? साधुसंतांचें दर्शन, वृद्धांची भेट व त्यांस दान, आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धर्माविषयीं बोलणें. नवव्या शासनांत तो सांगतो कीं, दुखण्यांत, लग्नांत, मूल जन्मल्यावर, प्रवासास निघतांना लोक नाना प्रकारचे विधि करितात; ते करावे, परंतु त्यांचें फळ थोडें. नोकराचाकरांशीं नीट वागणें, वडीलधाऱ्यांचा मान राखणें, प्राणिमात्रांवर दया करणें, हाच मोठ्या फळाचा विधि. आमच्या धर्मग्रामांतील लग्नांचे मंडप, वाजंत्री व जेवणावळी पाहून हें शासन आम्हांस प्रवचनांत वाचून दाखवावेसें वाटतें. वाचक आम्हांस क्षमा करोत.

कोणी म्हणेल, कॅथलिक धर्मगुरूनें बौद्ध राजाची थोरवी कशास गावी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा अव्हेर न करण्याची शिकवण दिली आहे. आणि आपले पूर्वज याच मातींत राहत होते; त्यांनीं हे दगड पाहिले असतील. स्वतःच्या आजा-पणज्यांची ओळख करून घेण्यांत पाप तें कोणतें?

सोपाऱ्यास पुरलेले रक्तसाक्षी

त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर आतां देतों. रोमसारखें आपल्याकडे कांहीं नाहीं का? आहे.

सन १३२१ मध्यें चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यास उतरले: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे दिमित्री. त्यांच्याबरोबर दोमिनिकन संघाचे जॉर्डन हे फ्रेंच धर्मगुरु होते. त्यांस जावयाचें होतें कोल्लमकडे, पण गलबत लागलें ठाण्यास. तेथें एका पूर्वदेशीय ख्रिस्ती कुटुंबानें त्यांस आश्रय दिला. जॉर्डन हे बाप्तिस्मे देण्यास उत्तरेकडे गेले. इकडे यजमान व त्याची बायको यांत भांडण झालें, तें काजीपुढें गेलें, आणि साक्षीदार म्हणून या संन्याशांचें नांव निघालें. पीटर घर सांभाळण्यास मागें राहिले, तिघे गेले. साक्षीवरून गोष्ट धर्मावर आली. त्यांनीं आपली श्रद्धा लपविली नाहीं. त्या वर्षीं ९ एप्रिल रोजीं तिघांना व ११ एप्रिल रोजीं पीटरना मृत्युदंड झाला.

ही वार्ता कळतांच जॉर्डन परत फिरले. एका जिनोवाच्या तरुणाच्या साहाय्यानें त्यांनीं चौघांचीं शरीरें सोपाऱ्यास आणिलीं व तेथील संत थॉमसच्या देवळांत पुरलीं. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात कीं, ठाणें व सोपारें यांच्या दरम्यान आपण ३५ जणांना बाप्तिस्मा दिला. पुढें कांहीं वर्षांनीं ओदोरिक नांवाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानें रक्तसाक्षींच्या अस्थी येथून दूर चीनदेशीं नेल्या. जॉर्डन यांस १३२९ सालीं कोल्लमचे बिशप नेमण्यांत आलें. थॉमस तोलेन्तिनो यांस १८९४ सालीं धन्य म्हणून मान्यता मिळाली.

वाचकांनीं यांतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. वसईचा प्रांत गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस दिला तो १५३४ सालीं. त्याच्या दोनशें वर्षांहून अधिक आधीं सोपाऱ्यास ख्रिस्ती देऊळ उभें होतें! आपला धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला, त्यापूर्वीं येथें ख्रिस्ताचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें, असें आपले शेजारी म्हणतात व आपलीं मुलेंहि मान खालीं घालून तें ऐकून घेतात. सत्य सांगावयाचें तर आपल्यांतील बहुतेक घराणीं सोळाव्या शतकांत व त्यानंतरच ख्रिस्ती झालीं. त्या जुन्या देवळाशीं आपलें नातें रक्ताचें आहे असें सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु श्रद्धेचें नातें आहे, भूमीचें नातें आहे. त्या देवळाची एक वीटहि आज उभी नाहीं. ९ एप्रिलला आपल्यापैकीं कितीजण त्या चौघांसाठीं मेणबत्ती लावतात? आम्हीं तरी पंचवीस वर्षें लावली नव्हती.

किल्ला व घंटा

वसईचा किल्ला सर्वांनीं पाहिलेला आहे, असें सर्वांस वाटतें. फोटो काढण्यास व फिरावयास आपण तेथें जातों. परंतु संत जोसेफच्या मोठ्या देवळाच्या दारावरील लेख किती जणांनीं पाहिला? गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळीं, १६०१ सालीं, या देवळाची पुनर्बांधणी झाली, असें तो सांगतो. याच नगरीनें संत गोन्सालो गार्सियांस जन्म दिला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघीयांच्या शाळेंत ते शिकले. पंधरा वर्षांचे असतां जपानास गेले. तेथें धर्मशिक्षक, मग व्यापारी, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्यानें फादर पीटर बॅप्टिस्ट यांचे ते दुभाषी झाले. दि. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आलें. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेला हा पहिला संत. आणि त्याच्या आईची भाषा आपल्या आयांच्या भाषेहून फार निराळी नसेल.

सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर येथील देवळांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावर एक आहे; वाईजवळ मेणवलीस एक आहे, तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची प्रतिमा व १७०७ हें साल आहे. आम्हीं मेणवलीची घंटा पाहिली. क्षणभर मनांत खेद आला, हें नाकारीत नाहीं. परंतु तेथील लोकांनीं ती वितळवून टाकली नाहीं, तिच्यावरील माउलीची प्रतिमा खरवडली नाहीं. तिला आदरानें टांगून ठेविली. ती परक्या घरीं दिलेल्या लेकीसारखी नांदत आहे, असें मनाशीं म्हणून आम्हीं एक नमो मरिया म्हटली व परतलों.

जें अजून जिवंत आहे

आतांपर्यंत दगड व धातूंविषयीं लिहिलें. त्यांची काळजी घेण्यास सरकारी खातीं व संग्रहालयें आहेत. परंतु आपल्या वाडींत असा इतिहास आहे कीं, ज्याला आपल्यावांचून दुसरा राखणदार नाहीं.

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा कोणास समजणार नाहीं. वाडवडिलांनीं वाडींत खणलेलें हें गोड्या पाण्याचें तळें. पावसाळ्यांत तें भरतें, पाणी हळूहळू जमिनींत मुरतें व आसपासच्या विहिरी उन्हाळ्यांत आटत नाहींत. समुद्र जवळ असल्यामुळें येथें जमिनीखालीं खारें पाणी टपून बसलेलें आहे. वर गोड्या पाण्याचा भार असला म्हणजे तें दूर राहतें, आणि गोडें पाणी कमी झालें कीं तें आंत शिरतें. एके काळीं बावखलावर रहाट चाले, त्याच्या पाण्यावर केळी व पानवेली वाढत. राजेळी केळें सोलून उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं आगाशीहून दूरदूर जात. आज रहाट थांबले आहेत, आणि बावखलांत भराव पडूं लागला आहे. जेथें आमचे आजोबा हात-पाय धुऊन मगच देवळाची वाट धरीत, तें बावखल गेल्या दहा वर्षांत नाहींसें झालें. आतां तेथें इमारत आहे आणि तिला टँकरनें पाणी येतें. याचा दोष आम्ही कोणा एकास देत नाहीं. विकणारे आपलेच, घेणारेहि पुष्कळदां आपलेच.

तशीच आपली बोली. सामवेदी अथवा कादोडी बोली ख्रिस्ती कुपारी बोलतात व सामवेदी ब्राह्मणहि बोलतात. धर्म दोन झाले, तरी चुलींतला शब्द एक राहिला. लग्नाच्या मांडवांत म्हणावयाचीं गाणीं आज साठीच्या पुढील बायकांनाच पाठ आहेत. वाटेवरच्या क्रुसांपाशीं मे महिन्यांत रोझरी होते. परंतु अमुक क्रूस कोणीं, कोणत्या नवसानें उभारला, हें विचारलें तर तरुण एकमेकांकडे पाहतात. ज्या वृद्ध बाईनें आम्हांस बुरूड राजाचा कोट दाखविला, तिचें अंत्यविधीचें मिस्सा आम्हींच अर्पिलें. तिच्याजवळ आणखी किती गोष्टी होत्या, त्या आम्हीं विचारून ठेविल्या नाहींत. तिच्याबरोबर त्या मातींत गेल्या. या लेखांतील इतर सर्व चुका वाचकांनीं क्षमा केल्या, तरी ही एक आम्ही स्वतःस क्षमा करूं शकत नाहीं.

ज्युबिलीच्या वर्षीं तीन मागण्या

म्हणून धर्मग्रामापुढें आम्ही तीन मागण्या ठेवितों. पहिली: या वर्षांतील एका रविवारीं मिस्सानंतर आपण सर्वांनीं मिळून सोपारें, भुईगांव व किल्ला अशी धर्मयात्रा करावी. वेळंकणी व गोवें यांस आपण जातोंच, जावेंच. परंतु उंबरठ्याबाहेरील पवित्र भूमि ओलांडून जाऊं नये. दुसरी: प्रत्येक गांवांतील तरुणांनीं एक वही घालावी व वडील माणसांकडून गाणीं, शेतांचीं नांवें, क्रुसांचा वृत्तान्त, भुताखेतांच्या गोष्टीसुद्धां, ऐकतील तशा त्यांच्याच बोलींत उतरून घ्याव्या. खरें काय व कल्पित काय हें मागाहून पाहतां येईल. किल्ल्यापासून अमक्या देवळापर्यंत भुयार आहे, असें कोणी सांगितलें तर तें लिहून घ्यावें, पण छापण्यापूर्वीं पारखावें. तिसरी: ज्याच्या वाडींत बावखल आहे, त्यानें तें बुजविण्यापूर्वीं एकवार त्याच्या कांठीं बसून आपल्या नातवंडांचा विचार करावा.

नाझरेथांतून काय चांगलें निघणार, अशी शंका नथनेलास आली होती. आणि प्रभु तीस वर्षें त्याच गांवीं राहत होता. याकोब एका दगडावर डोकें ठेवून निजला व जागा झाल्यावर त्यास कळलें कीं, देव येथेंच होता आणि आपणांस ठाऊक नव्हतें. आमचीहि गोष्ट तशीच झाली. त्या मुलाचा प्रश्न अजून आमच्या कानांत आहे. तो आतां कॉलेजांत जातो. गेल्या ९ एप्रिलला आम्ही त्यास घेऊन सोपाऱ्यास गेलों, चौघांचीं नांवें घेऊन एक मेणबत्ती लावली, आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. पुढील वर्षीं त्या दिवशीं तेथें आम्ही दोघेच नसूं, अशी आशा बाळगून, व रक्तसाक्षींच्या आणि संत गोन्सालोंच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामावर परमेश्वराची कृपा अखंड राहो अशी प्रार्थना करून, आम्ही वाचकांची रजा घेतों.